येताना जेवून येणार नाही

लुआंग प्रबांग, लाओस देश
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. मीना हिस,
ईश्वरदादाचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे सुखरूप आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो जन्मापासूनच कुरकुरा आहे. तुझी तब्येत बरी असेल. यशपालनं तुझी दुखरी दाढ काढून आणली असं प्रतिक्षा म्हणाली, ते बरं केलंस.

तर मी परदेशात आलोय. हसू नकोस. २०१९ साली तुझ्या वहिनीचा आणि माझा पासपोर्ट एकाच दिवशी काढला होता, श्रीलंकेला जायचं म्हणून. मग लॉकडाऊन लागलं, मग कस्तुरा गेली. दोन्ही पासपोर्ट ट्रंकेत कोरे पडले होते. आपल्या नातीला, प्रतिक्षाला, पुण्याच्या नोकरीत आठ दिवसांची रजा मिळाली. ट्रंक उघडून म्हणाली, "आबा, हा पासपोर्ट काय पूजेला ठेवलाय का? चला माझ्याबरोबर. बॅकपॅकिंग करू." म्हटलं, ते काय असतं? तर हमालासारखं ओझं पाठीवर घ्यायचं आणि साहेबासारखं गाव बघत हिंडायचं. दोन्ही एकाच माणसानं.

विमानात सात किलोच सामान चालतं. मी सॅकमध्ये जेकार्डची चादर, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरली. प्रतिक्षा डोक्याला हात लावून म्हणाली, "आबा, तिकडं पांघरूण देतात हो!" देत असतील. पण चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर काढलेला माणूस दुसऱ्याची चादर पांघरणार का? आणि बघ, इथं पहाटे अशी थंडी पडते की आमच्या खोलीतला स्पेनचा पोरगा परवा माझी चादर चाचपून बघत होता.

खोली म्हणजे एकात सहाजण. रेल्वेच्या डब्यासारखे खालीवर पलंग. वरच्या पलंगावर हा स्पॅनिश पोरगा, माटेओ. विजेच्या खांबाएवढा उंच, पाय पलंगाबाहेर लोंबतात. त्याला कडक भाकरी दिली तर म्हणाला, "पापड?" प्रतिक्षा म्हणाली, "पापडाचा बाप." त्यानं कडाकडा अर्धी खाल्ली आणि चटणीनं कानापर्यंत लाल झाला. तरी "मोअर" म्हणाला. चांगला आहे पोरगा.

गाव छोटं आहे. दोन नद्यांच्या बेचक्यात बसलंय. रस्ते लख्ख. बायका एका हातात छत्री धरून एका हातानं स्कूटर चालवतात आणि कुणीही हॉर्न वाजवत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या कानात दडे बसले. दुकानाच्या दारातसुद्धा चपला काढतात. बाजारात दोन बायकांचं भांडण लागलं होतं, तेसुद्धा कुजबुजून. मी अर्धा तास उभा राहिलो, की आता आवाज चढेल, मग चढेल. नाहीच चढला. आपल्या गल्लीत असलं भांडण म्हणजे फुकट गेलं म्हणायचं.

बाहेरून आलेले लोक मात्र बघण्यासारखे. गोरे, काळे, कोरियाचे, चीनचे, सगळ्यांनी इथं येऊन हत्तीच्या चित्रांच्या ढगळ विजारी विकत घेतल्यात. जणू सगळं जग एकाच बारशाला निघालंय. गावातला एकही माणूस तसली विजार घालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. प्रतिक्षानं मलाही एक घेतली. घालून बघितली. वारा छान खेळतो.

संध्याकाळी रस्त्यावर बाजार भरतो. आज तिकडं सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली असेल, त्याचीच आठवण झाली. फक्त पाळणे नाहीत आणि हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा भोंगा नाही. गड्ड्यात तू हरवली होतीस तेव्हा भोंग्यावर नाव सांगायचं सोडून "माझा दादा हरवलाय" म्हणून रडत होतीस. आठवतं का?

तुला पत्र लिहून चार वर्षं होत आली. तशी गरजही नव्हती. तुझं कुंभारी सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारली नाही हे खरं. यशपाल प्रतिक्षाला म्हणाला की पंचवीस तारखेला तो तुला कायमची पुण्याला नेतोय, घरकुलाची किल्ली शेजारी देऊन. बरंच झालं. लेकाजवळ राहावं माणसानं.

मी या वहीत लिहितो. प्रतिक्षा पानांचे फोटो काढून यशपालच्या फोनवर धाडेल, तो आवराआवरीला तुझ्याकडंच आलाय ना. अक्षर मोठं काढलंय. पाटीवर मीच तुला गिरवायला शिकवलं होतं, तेव्हा वाचता येत नाही असं सांगू नकोस.

तुझ्या पेढ्याएवढ्या पणतूला गोड पापा.

तुझा थोरला भाऊ,
ईश्वर


लुआंग प्रबांग
बुधवार, १४ जानेवारी

चि. मीना हिस,
सप्रेम जयभीम.

फोनवर निळ्या खुणा आल्या, असं प्रतिक्षानं सांगितलं. म्हणजे पत्र पोचलं. उत्तराची घाई नाही. तू तिळगुळाच्या गडबडीत असशील.

काल इथल्या टेकडीवर गेलो. तीनशे अठ्ठावीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीनं माझ्या गुडघ्याशी बोलणं केलं. वर शे-दोनशे माणूस दाटीवाटीनं उभं. म्हटलं काय आहे? तर सूर्य मावळताना बघायचा. मावळला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! अगं, आपल्याकडं तो रोज मावळतो, कुणी त्याला टाळी दिली का? मी सूर्याकडं पाठ करून माणसंच बघत बसलो. एक जर्मन जोडपं, माझ्याच वयाचं असेल, फोटो न काढता एकमेकांचा हात धरून बसलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात त्याच्या गोळ्यांची डबी. कस्तुरा असती तर म्हणाली असती, "बघा, शिका कायतरी."

आमच्या मालकीणबाईचं नाव नोय. पन्नाशीची, ठेंगणी, सदा हसरी. तिला थोडं इंग्रजी येतं, प्रतिक्षा मला मराठीत सांगते, आणि राहिलेलं आम्ही हातवाऱ्यांनी भागवतो. पहाटे चारला उठून बांबूच्या टोपलीत भात वाफवते. हा भात आपल्यासारखा मोकळा नसतो, चिकट असतो. हातानं गोळा वळून खायचा, सोबत मिरचीचा ठेचा. तिची बोटं भाताचा गोळा वळताना बघितली आणि तुझी आठवण झाली. विड्या वळताना तुझी बोटं अशीच चालायची, डोळे भलतीकडं आणि बोटं कामावर.

हा भात कशासाठी, ते काल पहाटे बघितलं.

तांबडं फुटायच्या आधी विहारांतून भिक्खू निघतात. अनवाणी, एकामागं एक, भगव्या चिवरात, खांद्याला लोखंडी पात्र अडकवलेलं. कुणी तोंडातून अक्षर काढत नाही. रस्त्याच्या कडेला गावातली माणसं टोपली घेऊन बसलेली असतात. पात्राचं झाकण उघडतं, भाताची चिमूट पडते, भिक्खू पुढं. आपल्या पुस्तकात वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर चालत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

पण काटा का आला, ते सांगतो. मीना, इथं देणारा खाली बसतो आणि घेणारा उभा असतो. बायका गुडघ्यावर, म्हातारी माणसं बुटक्या स्टुलावर. एखादा पुरुष उभा राहिलाच तर चपला काढून, मान खाली घालून. मी नोयला विचारलं, असं का? प्रतिक्षानं तिचं उत्तर सांगितलं, "ती म्हणते, देताना उंच बसलं की दिलेलं खाली पडतं."

मला आपला बा आठवला. त्यानं सांगितलेलं तू ऐकलं असशील, पण तो पहिल्यांदा बोलला तेव्हा तू पाळण्यात होतीस आणि मी त्याच्या मांडीवर. गावात येसकरकी, म्हणजे गावाची राखण, करताना तो दारोदार भाकरी मागायचा. ओट्यावर उभं राहून वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. कधी झेलली जायची, कधी मातीत पडायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यानं काठी-घोंगडी गावाच्या चावडीत टाकली आणि सोलापूरला गिरणीत आला. शेजारच्या गंगम्मानं एकदा मला गुळाचा खडा दिला तर बानं परत करायला लावला. "ईश्वऱ्या, हात पसरायचा न्हाय. कुणाम्होरं न्हाय. सख्ख्याम्होरंबी न्हाय." तोंडात विरघळलेला गूळ कसा परत करायचा, ते त्यानं सांगितलं नाही.

असो. कुठून कुठं गेलो.

टुरिस्ट लोकांचं सांगतो. लांब राहा, गप्प राहा, अशी पाटी लावलीय. तरी एकजण हातभर लांब नळीचा कॅमेरा घेऊन भिक्खूंच्या नाकासमोर उलटा चालत होता. कोरियाच्या मावश्या सगळ्या एका रंगाच्या टोप्या घालून, सेल्फीची काठी घेऊन. मला राग आला. प्रतिक्षाला म्हटलं, ही काय तमाशाची पार्टी आहे का? तर म्हणाली, "आबा, आपणसुद्धा बघायलाच आलोय की." पोरगी आपल्या घराण्याचीच आहे, बोललेलं लागतं.

उद्या नोय मला भात देणार आहे, तो मीही भिक्खूंना देणार. चादर अंथरून बसेन.

तुझी आवराआवर कुठवर आली? भांडी सगळी नेणार का तिथं? पुण्यात जागा लहान असते. आईनं दिलेली भांडी देऊन टाकू नकोस.

तुझा दादा,
ईश्वर


लुआंग प्रबांग
गुरुवार, १५ जानेवारी, सकाळचे आठ

मीने,

काल पत्र धाडल्यावर यशपालचा फोन आला. प्रतिक्षा सांगायला का-कू करत होती. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, "आत्याआजीनं दोन्ही पत्रं चष्मा लावून वाचली. मग म्हणाली, 'त्यानं साऱ्या गावाचं लिवलं. विजारीचंबी लिवलं. ज्याचं लिवायचं ते तेवढं न्हाय लिवलं.'"

बरोबर बोललीस. आज सकाळी जे झालं ते झालं नसतं तर कदाचित तिसरं पत्रही असंच विजारीवर गेलं असतं.

पहाटे नोयनं मला टोपलीभर गरम भात दिला, खांद्यावर उपरणं घातलं. मी चादर अंथरून गुडघे कसेबसे मोडून बसलो. भिक्खू आले. आता मला कुणी सांगितलं नव्हतं की चिमूटभर द्यायचं. आपल्याकडं दारात आलेल्याला चिमूट वाढतात का? मी आपला मूठ भरून, भाकरीच्या गोळ्याएवढा एकेकाच्या पात्रात टाकायला लागलो. नवव्या भिक्खूलाच टोपली रिकामी! आणि मागं अजून पन्नास-साठजण. नोय तोंडाला पदरासारखं उपरणं लावून हसत होती. प्रतिक्षा कुजबुजली, "आबा, हे लग्नातलं वाढप नाहीये हो!"

मला शरम वाटली. रिकामी टोपली घेऊन त्या रांगेत कसं बसायचं? म्हणून उठलो आणि पुढं विहाराच्या भिंतीशी गेलो. तिथं एक पायरी होती, गुडघ्याला सोयीची. एक म्हातारी आधीच बसलेली, तिच्यापुढंही रिकामी टोपली. म्हटलं, हिचाही भात संपलेला दिसतो, माझ्यासारखीच दानशूर. मी तिला हात जोडले, तिनं सरकून जागा दिली. टोपली पुढं ठेवून बसलो.

भिक्खूंची रांग आमच्यापर्यंत आली. पहिला, वयस्कर, थांबला. आपल्या पात्रातून भाताचा गोळा काढून म्हाताऱ्या बाईच्या टोपलीत ठेवला. मग माझ्या टोपलीत ठेवला.

मला कळायला वेळ लागला, मीना. ती मागणाऱ्यांची पायरी होती. ज्याच्या घरी नाही त्यानं तिथं रिकामी टोपली घेऊन बसायचं, आणि भिक्खूंनी आपल्या भिक्षेतलं त्याला द्यायचं, अशी इथली रीत. आणि मी, बाचा शब्द सदुसष्ट वर्षं जपणारा ईश्वर, परमुलखात भीक घेऊन बसलो होतो.

मी हात वर केला, नको नको म्हणायला. तोवर दुसऱ्या भिक्खूनं ठेवला, तिसऱ्यानं ठेवला. समोरून 'खटक' झालं. तो लांब नळीचा कॅमेरा. कालपर्यंत ज्याला नावं ठेवली तो आज माझ्यावर रोखलेला. कुठल्या तरी देशात आता माझा फोटो जाईल, आणि लोक म्हणतील, बिचारा. मला वाटलं, उठावं आणि टोपली उलटी करावी.

उठलो नाही. गुडघा अडकला होता हे एक कारण. दुसरं असं की मी त्या भिक्खूंच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांच्या नजरेत कीव नव्हती, उपकारही नव्हता. खाली बघत येत होते, ठेवत होते, जात होते. त्या गोळ्यांत माझाच भात असेल कदाचित, मघाशी मुठीनं दिलेला.

रांग संपली. म्हातारीनं मला खुणेनं सांगितलं, खा. मी तसाच बसलो. तेव्हा तिनं तिच्या टोपलीतला तुकडा मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

तेव्हा मी रडलो. प्रतिक्षा धावत आली, तिला वाटलं छातीत दुखतंय.

आता लिहितो, ज्याचं लिहायचं ते.

कस्तुराला नेऊन आल्यावर घरात सगळे भिंतीला टेकून बसले होते. दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नाही, पहिला कडू घास नात्यातल्यानं आणायचा. तू कुंभारीहून डबा घेऊन आलीस. भाकरी आणि पिठलं. माझ्यासमोर खाली मांडी घातलीस, झाकण काढून बाजूला ठेवलंस, भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडापुढं धरलास. आणि मी, दहा माणसांत, तुझा हात झटकला. म्हणालो, "आमच्या घरात चूल हाय. भाकरी मागायची येळ आली न्हाय अजून."

तू डबा उचललास. दारात वळून एवढंच म्हणालीस, "दादा, मी काय वाढायला आले व्हते व्हय? तुझ्यासंगं जेवायला आले व्हते की."

म्हणजे तूही सकाळपासून उपाशी होतीस. हे मला तेव्हाच कळलं होतं. तू गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी तुला हाक मारू शकत होतो. मारली नाही. लोक म्हणाले, ईश्वर बापाच्या वळणाचा, ताठ आहे. मला ते ऐकून बरं वाटलं, मीना. हे सगळ्यात वाईट. माझी बायको गेली होती, बहीण उपाशी गेली होती, आणि मला माझ्या ताठपणाचं कौतुक ऐकून बरं वाटलं.

बाची भाकरी वरून टाकलेली होती. तू खाली बसली होतीस. एवढा साधा फरक मला दिसला नाही. बाला दिसला असता. तो तुझ्या हातचं मागून मागून खायचा, हे तुला ठाऊक आहे. मी त्याच्या शब्दाच्या आड लपलो. खरं असं की त्या दिवशी एक घास जरी तोंडात गेला असता तरी मी सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडलो असतो, आणि ते मला नको होतं. आज अनोळखी मुलखात, अनोळखी म्हातारीपुढं रडलोच शेवटी. तिनं मला पाठीवर थोपटलं आणि तिच्या भाषेत काही म्हणाली. अर्थ कळला नाही. मी तिच्या हातचा तो भात खाल्ला. गार झाला होता, पण गोड होता. उठताना अंगाखालची चादर झटकून तिच्या खांद्यावर घातली. तिनं ती लगेच गुंडाळून घेतली, नको म्हणायची तिला गरज वाटली नाही. असं घेता यायला पाहिजे.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू डबा नेलास, पण झाकण घरंगळून कॉटखाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी झाडताना सापडलं. आईनं तुझ्या लग्नात दिलेल्या डब्याचं. त्यावर तुझं नाव घातलेलं आहे, तारखेसकट. चार वर्षं ते माझ्या फडताळात आहे. दर महिन्याला चिंचेनं घासतो. तू झाकण मागायला येशील म्हणून वाट बघत होतो. म्हणजे बघ, तिथंसुद्धा मागायला तूच यावंस अशी माझी अपेक्षा.

तू त्या डब्यावर आता काय झाकतेस? की ताटली पालथी घालतेस? पत्र लिहायला बसलो तेव्हापासून हेच मनात आहे.

सोमवारी आम्ही परत येतो. मंगळवारी सकाळी मी कुंभारीला येईन, झाकण घेऊन. यशपालनं हे वाचलं तरी त्याला मध्ये घेऊ नकोस, प्रतिक्षालाही मी सोबत आणणार नाही. दार उघडायचं की नाही, तुझी मर्जी. नाही उघडलंस तर झाकण उंबऱ्यावर ठेवून पायरीवर बसेन. मला आता पायरीवर बसता येतं. आत घेतलंस तर पाहुण्यासारखं ताट मांडू नकोस. जे काही सकाळी केलं असशील, शिळी भाकरी असली तरी, तीच दे. माझ्या पुढ्यात बस आणि तूही जेव.

आजवर तुझ्या दारी जेव्हा जेव्हा आलो, तेव्हा "जेवूनच आलोय" म्हणत आलो. या वेळी येताना जेवून येणार नाही.

तुझ्याकडे भाकरी मागणारा,
दादा